पाटीलकाकूंच्या रजिस्टरातला कोरा रकाना

हैदराबादेत ज्या इमारतीच्या फाटकावर मी उभा असतो, तिथं मला एक काठी दिलेली आहे. काठीच्या टोकाला गोल आरसा, आरशाला खाली छोटी चाकं. येणारी गाडी थांबवायची, आरसा तिच्या पोटाखाली फिरवायचा, आणि मान हलवून आत सोडायची. पाच वर्षं झाली. आजवर त्या आरशात मला चिखल दिसला, अडकलेल्या पिशव्या दिसल्या, आणि एकदा मांजर दिसलं. ते माझ्यापेक्षा जास्त घाबरलेलं होतं.

गावाकडं हे सांगितलं की लोक हसतात. पाटीलकाकू हसल्या नाहीत. त्यांनी चष्मा नाकावर सरकवला आणि विचारलं, "गाडीखाली पाह्यतं, ते ठीक. पन गाडीत बसला त्याले नाव पुसतं का नाई?"

"नाई काकू. नाव पुसाचा नियम नाई."

"मंग काय कामाचं?" त्या म्हणाल्या, आणि परत तांदूळ निवडायला लागल्या.

पाटीलकाकू म्हणजे राळेगाव तालुक्यातल्या आमच्या गावच्या पोलीस पाटील. नाव सुमन भगत. विहाराला लागून घर, अंगणात एक कडुनिंब, त्याच्याखाली लोखंडी खुर्ची. ती खुर्ची म्हणजे त्यांचं ऑफिस. ठाण्याला गावातलं काही कळवायचं असलं की काकूंमार्फत, आणि ठाण्याला गावाला काही सांगायचं असलं तरी काकूंमार्फत.

पाटील म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढं आधी मिशी येते. काकूंची निवड झाली तेव्हा पारावर बसलेले एक म्हातारे नानाजी मिशीवर हात ठेवून म्हणाले, "पाटील, अन् बिनमिशीची?"

काकू भाजी घेऊन चालल्या होत्या. थांबल्या. "फॉर्मात मिशी नोती मागितली नानाजी. दहावीची सनद मागितलती. तुमच्याजवळ अस्ती त तुमीच भरला अस्ता."

पार हसला. मी हळूच हसलो, कारण सनद माझ्याजवळही नव्हती.

काकूंजवळ एक लांब रजिस्टर होतं. पिठाच्या प्लॅस्टिकच्या थैलीत गुंडाळलेलं, कारण एकदा त्याच्यावर बकरीनं तोंड टाकलं होतं. गावात बाहेरून कोणी आलं की त्याची नोंद त्यात. नाव, कुठून आला, कोणाकडे, कशासाठी, जाण्याची तारीख, शेरा. ठाण्यातून दोन पेन मिळाले होते. ओळखीचा माणूस निळ्या शाईनं लिहायचा, अनोळखी इसम लाल शाईनं.

लाल पेन मी कधी चालताना पाहिला नाही. त्याचं कारण काकूंच्या विचारपुशीत होतं. हार्वेस्टरवाला पंजाबी आला, काकू त्याला खुर्चीवर बसवणार आणि स्वतः उंबऱ्यावर बसणार. गाव कोणतं, घरी कोण कोण, बहीण कुठं दिली, तिकडं कापूस होतो का, चपाती कशाची खाता, रात्री झोप लागते का. मग चहा. मग पुन्हा, आईची तब्येत कशी. एवढं झाल्यावर त्या निळा पेन काढायच्या.

ठाण्यातून आमच्या गावाच्या बीटवर येणाऱ्या जमादारांनी एकदा विचारलं, "बाई, तुमच्या गावात कधी अनोळखी मानूस येतच नाही का?"

"येते ना साहेब," काकू म्हणाल्या. "पन लिवेपर्यंत ओळखीचा होऊन जाते."

या रजिस्टरात माझीही एक नोंद आहे, आणि फार जुनी आहे. मी दहावीचा फॉर्म भरला, पण पेपरच्या दिवशी छातीत असं धडधडायला लागलं की सायकल राळेगावकडं न नेता कॅनॉलच्या पुलाखाली नेली. दुसऱ्या पेपरलाही तेच. सगळे पेपर मी पुलाखाली दिले. घरी वाटायचं, पोरगा परीक्षा देऊन राहिला. काकू तेव्हा नवीन पाटील. वरून जाताना त्यांनी मला पाहिलं. खाली उतरल्या नाहीत, घरी चुगली केली नाही. फक्त रजिस्टरात लिहिलं: 'कॅनॉलच्या पुलाखाली एक इसम रोज अकरा ते दोन बसतो. शांत आहे. ओळखीचा आहे.' निळ्या शाईत. हे मला पुष्कळ वर्षांनी कळलं. तेव्हा एवढंच पाहिलं, की निकालाच्या दिवशी त्या आमच्या घरी आल्या आणि बाबांचा हात उठायच्या आत म्हणाल्या, "याले उन्हात बसाची सवय झाली हाय. उन्हातलं काम पाहा याच्यासाठी."

वरून परिपत्रक आलं की काकू ग्रामपंचायतीसमोर लोक जमवायच्या. 'राष्ट्रीय सुरक्षेच्या दृष्टीने अत्यंत संवेदनशील परिस्थिती लक्षात घेता, दहशतवादी कारवायांचा संभाव्य धोका विचारात घेऊन, सर्व संबंधितांनी' हे सगळं एका श्वासात वाचायच्या. मग चष्मा काढून म्हणायच्या, "आता मराठीत सांगते."

"बेवारस गाडी दिसली त कळवा."

"सरपंचाचा ट्रॅक्टर दोन वर्सापासून नाल्याजवळ उभा हाय, तो लिवता का काकू?"

"संशयास्पद हालचाल दिसली त कळवा."

"मास्तर आज टायमावर आला."

हशा व्हायचा. काकू तो होऊ द्यायच्या. मग बोट वर करायच्या.

"हसा. पन आयका. दूर कुठंतरी बाजारात कोनाचं लेकरू गेलतं, ते परत नाई आलं. त्याच्यासाठी हा कागद निंगाला. तिथून दिल्ली भेली, दिल्लीनं मुंबईले भेव पाठवलं, मुंबईनं यवतमाळले, यवतमाळनं राळेगावले. आपल्यापर्यंत येता येता त्याचं परिपत्रक होते. त्याच्यात त्या लेकराचं नाव नस्ते. ज्यानं केलं त्याचंबी नस्ते. तिथं कोरी जागा ठिवते. अन् कोरी जागा दिसली का मानूस आपल्याले जो आवडत नाई त्याचं नाव लिवते. ते नोका करू. एवढंच सांगाचं होतं. आता घरी जा."

हे नुसतं बोलणं नव्हतं, हे शालवाल्याच्या वेळी दिसलं.

थंडीत दरवर्षी एक काश्मिरी शालवाला सायकलवर गठ्ठा बांधून यायचा. त्या वर्षी टीव्हीवर चार दिवसांपासून हल्ल्याच्या बातमीची लाल पट्टी सुरू होती. गावातल्या सहा पोट्ट्यांनी त्याला पाराजवळ अडवला, गठ्ठा खाली ओढला, आणि मोबाईल काढून, घोषणा दे म्हणून त्याला "बोल, बोल" करायला लागले. काकू आल्या. हातात पिठाची थैली. ओरडल्या नाहीत. उलट म्हणाल्या, "शाब्बास. जागरूक नागरिक पाह्यजेत. चला, नियमानं करू. ज्यानं संशयित पकडला त्याची नोंद आधी."

सहाही जण खूश झाले. काकूंनी रजिस्टर उघडलं. "नाव? आधार कार्ड दाखव."

पहिल्याचं कार्ड घरी होतं. दुसऱ्याचं आईजवळ. तिसऱ्याच्या कार्डावर जन्मतारीख चुकली होती, चौथ्याच्या फोटोत तो आठ वर्षांचा होता. पाचवा मामाच्या गावचा होता, त्याचा पत्ता दारव्ह्याचा निघाला. सहाव्याला लघवी लागली.

"आन् तुमचं भाऊ?" काकूंनी शालवाल्याला विचारलं.

त्यानं खिशातून प्लॅस्टिकच्या पाकिटातलं आधार, ओळखपत्र, आणि काकूंच्याच हातची मागल्या वर्षीची नोंदीची चिठ्ठी काढून दिली.

काकूंनी चष्म्यावरून सहाही जणांकडं पाहिलं. "कागदावरून पाह्यलं त सहा इसम संशयास्पद हाय, अन् एक बरोबर. आता मी ठान्यात काय कळवू, सांगा पोट्ट्याहो?"

पोट्ट्यांनीच गठ्ठा परत बांधून दिला. पुढं त्यातल्या एकानं आईसाठी शालही घेतली. पण शालवाला चहा तसाच ठेवून गठ्ठ्याच्या गाठी पुन्हा पुन्हा आवळत होता, आणि काकूंनी त्या दिवशी त्याला तब्येतीचं काही विचारलं नाही. फक्त निळ्या शाईत लिहिलं, आणि गावच्या शिवेपर्यंत त्याच्या सायकलीबरोबर चालत गेल्या.

काकूंनाही बढाई मारायची थोडी हौस होती, हे सांगायला पाहिजे. यवतमाळला पोलीस पाटलांचं शिबिर झालं. पडद्यावर चित्रं दाखवली, चहा-बिस्किटं झाली. साहेबांनी विचारलं, दहशतवादी कसा ओळखाल? काकू उभ्या राहिल्या. "साहेब, तुमी कसा ओळखता ते आधी सांगा." साहेब म्हणाले, तो दिसायला आपल्यासारखाच असतो. काकू म्हणाल्या, "मंग आमी काय आरसा घेऊन फिराव काय?"

पहिल्यांदा ही गोष्ट सांगितली तेव्हा साहेब फौजदार होते. वर्षभरानं डीवायएसपी झाले. मी हैदराबादला गेलो तोवर एसपी झाले होते, आणि त्यांनी उठून टाळ्या वाजवल्या होत्या. मी एकदा म्हणालो, "काकू, तुमच्या गोठीत साहेबाचं प्रमोशन लय लवकर होते." त्या म्हणाल्या, "चांगला मानूस होता रे तो. हक्काचं होतं त्याच्या." पुढं मला हातात खरोखरच आरसा घेऊन फिरायची नोकरी लागली, तेव्हा आधी काकूंची आठवण आली.

आता ती गोष्ट, जिच्यामुळं मी हे लिहायला बसलो.

आमच्याकडं घरातून निघताना कोणी 'जातो' म्हणत नाही, 'येतो' म्हणतात. सगळीकडंच म्हणतात, पण काकूंनी हे रजिस्टरातही चालवलं. बाहेरगावी राहणारी गावची माणसं, माहेरी आलेल्या लेकी, सगळ्यांची नोंद त्या करायच्या. आल्याची. जाण्याच्या तारखेचा रकाना कोरा. शालवाल्याचा, हार्वेस्टरवाल्याचा भरलेला, अगदी वाजलेल्या वेळेसकट. आपल्या माणसाचा कोरा. "घरच्या मानसाच्या नावापुढं 'गेला' लिवाले हात होत नाई," त्या म्हणायच्या. ठाण्यात तो रकाना कोणी पाहत नव्हतं, त्यामुळं चालून गेलं.

दोन वर्षांपूर्वी होळीला मी गावी गेलो, परत आलो. पावसाळ्यात आमच्या एजन्सीनं सगळ्या गार्डांची पोलीस पडताळणी नव्यानं करायला घेतली. कुठंतरी काही घडलं होतं आणि इथल्या शहराला वरून कागद आला होता: फाटकावर उभे असलेले बाहेरच्या राज्यातले लोक आधी तपासा. माझा कागद यवतमाळला गेला, तिथून राळेगावला, तिथून बीटच्या जमादारांच्या हातात. ते काकूंच्या अंगणात आले. काकू विहिरीवर होत्या. जमादारांनी स्वतःच थैलीतून रजिस्टर काढलं, माझं नाव सापडलं. होळीला आला. गेल्याची तारीख नाही. जमादारांनी लिहून पाठवलं: सदर इसम नोंदीप्रमाणे गावात हजर आहे.

पुढं काय झालं असेल ते ज्याला सरकारी कागद माहीत आहे त्याला कळेल. गावात मी हजर. मग हैदराबादच्या फाटकावर माझ्या नावानं आरसा धरून उभा आहे तो कोण?

सकाळी आठला पोलिसांनी मला ड्युटीवरून उचललं. वर्दी, टोपी, शिट्टी काढून घेतली. ठाण्यात बाकावर बसवलं. तिथले साहेब शांत होते, त्यानं जास्त भीती वाटली. "तू इधर है, तो उधर कौन है?" हाच एक प्रश्न, तीनदा. मला वाटलं आपण इथून घरी जात नाही. एखाद्या कोऱ्या जागेत आपलं नाव लिहून झालेलं आहे. फोन करायची परवानगी दिली तर नंबर आठवेना. आठवला तो एकच.

"काकू," मी म्हणालो, आणि रडू फुटलं.

"कोन? कोन रडून राह्यलं?"

मी सांगितलं. पलीकडं काकूंनी आधी कोंबड्या हाकलल्या. मग, "भेऊ नोको. चष्मा लावू दे. जमादाराले बलावते. त्या साहेबाले सांग, टीव्हीवानी दिसते तसा फोन लावा म्हना."

व्हिडिओ कॉल लागला. तिकडं कडुनिंब, लोखंडी खुर्चीवर जमादार, उंबऱ्यावर काकू. इकडं साहेब, एजन्सीचा सुपरवायझर आणि मी. साहेब हिंदीत म्हणाले, चेहरा सारखा असू शकतो, आधार खोटं असू शकतं, असं काही विचारा जे फक्त खऱ्या माणसाला माहीत असेल.

काकूंनी माझ्याकडं पाहिलं. एवढ्या लहान पडद्यावरही मला कळलं, त्या काय विचारणार. आणि कळलं की त्यांना ते विचारायचं नव्हतं.

"दहावीच्या पेपराच्या टायमाले तू कुठं होता?"

बाबा जाऊन तीन वर्षं झाली होती. त्यांनाही हे शेवटपर्यंत माहीत नव्हतं. त्यांना वाटायचं, पोरगा नापास झाला. मी मान खाली घातली. "पुलाखाली."

"कोनत्या?"

"कॅनॉलच्या."

"तिथं बसून काय करत होता?"

"पुलावरून गाड्या जाये. त्याइचे नंबर वहीत लिवत होतो. यायची-जायची वेळ लिवत होतो."

सुपरवायझरला मराठी समजत होतं. त्याचा चेहरा पाहण्यासारखा झाला. पुलाखाली लपून गाड्यांचे नंबर आणि वेळा टिपणारा माणूस म्हणजे कोण, याच्यावर त्यानं स्वतः आम्हाला दोन तासांचं ट्रेनिंग दिलं होतं. तो साहेबांना सांगायला वाकला, पण त्याच्याआधी काकूंचा आवाज आला.

"तोच हाय साहेब. हमारा है. नोंद है मेरे पास." आणि त्यांनी जुनं रजिस्टर, ज्याचा कोपरा बकरीनं खाल्ला होता, पडद्यासमोर धरलं. बारा वर्षांपूर्वीची निळी ओळ. शांत आहे. ओळखीचा आहे.

जमादारांनी ती ओळ मोठ्यानं वाचली. मग साहेबांना हिंदीत समजावली. साहेबांनी विचारलं, मग होळीनंतर गेल्याची नोंद का नाही? आता जमादार काकूंकडं पाहायला लागले. तिथं काकू म्हणू शकल्या असत्या, विसरलं. पाऊस होता, तब्येत नव्हती. जमादार तसं सुचवूनही राहिले होते. "राहून गेलं म्हना बाई."

"राहून नाई गेलं," काकू म्हणाल्या. "म्या लिवलंच नाई. चूक माझी हाय. त्या पोराची नाई."

दुपारी तीनला मला टोपी परत मिळाली. काकूंना कारणे दाखवा नोटीस मिळाली. त्या वर्षी त्यांच्या नेमणुकीचं नूतनीकरण होतं. मी रोज फोन करायचो. "काकू, काय झालं?"

"कायचं?"

"नोटिशीचं."

"ते होऊन राह्यलं. तू जेवला का?"

नूतनीकरण चार महिने लटकलं. तेवढे दिवस माझ्या छातीत दहावीच्या पेपरासारखं धडधडलं. शेवटी झालं, सक्त ताकीद देऊन. नोटिशीला दिलेलं उत्तर मी नंतर पाहिलं. साडेतीन ओळी. शेवटची अशी: 'यापुढे गावातील माणसे गेल्याची नोंद करण्यात येईल. मला ते आवडत नाही, तरी करण्यात येईल.' नोटीस देणाऱ्या साहेबांनी दुसरं वाक्य खोडायला लावलं होतं. काकूंनी खोडलं, पण एकाच बारीक रेघेनं. वाचता येत होतं.

या वैशाखात गावी गेलो होतो. पुढल्या वर्षी काकूंना साठ पूर्ण होतात, मग खुर्ची दुसऱ्याची. चालताना एक पाय ओढतात आता. परत निघायच्या दिवशी मी स्टँडवर, म्हणजे रस्त्याकडेच्या टिनाच्या शेडखाली, पोहोचलो तर त्या आधीच तिथं. थैली मांडीवर.

"कायले आल्या काकू एवढ्या उन्हाची?"

"नियम हाय बावा. ताकीद हाय मले." रजिस्टर उघडलं. माझी ओळ काढली. जाण्याच्या रकान्यात निळ्या शाईत तारीख टाकली. लिहिताना चेहरा असा, जसा कोणी त्यांना कडू औषध देऊन राहिलं. मग थैलीत हात घालून त्यांनी लाल पेन काढला. अनोळखी इसमांचा. तो चालेना. झटकला, तळहातावर गिरगोट्या केल्या, तोंडाजवळ धरून वाफ दिली. शेवटी चालला. शेऱ्याच्या पलीकडं, जिथं कागदाचा काठ सुरू होतो, तिथं त्यांनी माझ्या पाण्याच्या बाटलीच्या आधारानं वरून खालपर्यंत एक रेघ ओढली. नवा रकाना.

"हे कोनी सांगतलं लिवाले?"

"कोनी नाई. लिवू नोको असंबी नाई सांगतलं." पेन धरून बसल्या. "परत कधी?"

"सुट्टीचं काही खरं नसते काकू."

"खरं-खोटं मी नाई पुसलं. टाइम सांग."

"पोळा."

त्यांनी लिहिलं, 'पोळा'. खाली दोनदा रेघ मारली. तेवढ्यात राळेगावची गाडी आली. मी बॅग चढवली, दारातून म्हणालो, "येतो काकू."

"येजो."

गाडी कॅनॉलच्या पुलावर वळते तिथून मागची शेड दिसते. मी मागच्या काचेतून पाहिलं. धुरळ्यात काकू उभ्याच होत्या. रजिस्टर उघडं, लाल पेन दातात धरलेला. गाडी दिसेनाशी झाल्याशिवाय वेळ लिहायची नाही, हा त्यांचा नियम, म्हणून घड्याळाचा हात डोळ्यांजवळ नेलेला, आणि डोळे घड्याळावर नाही, गाडीवर.